अर्ध्यावर थांबलेलं मशीन

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, त्यातही लावणीच्या दिवसांत मी बांधावरच असायची. तेव्हा चुकलं असेल तिथे माफी असावी. कोणाची माफी मागते आहे तेही मला ठाऊक नाही, कारण हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. कागदापुढे मात्र तसं होत नाही, म्हणून लिहिते.

आमचं घर रत्नागिरीच्या बाहेर, मालगुंडच्या रस्त्याला कातळावर आहे. घरात आता मी एकटी. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. एक मुलगी, ती संगमेश्वरला दिली आहे. ती कॉम्प्युटर शिकली. मुंबईला नोकरी करून बघितली, पण खोलीचं भाडं भरून हातात काही राहीना, म्हणून परत आली आणि स्वतःचं काम सुरू केलं. आंब्याच्या व्यापाऱ्यांना मोबाईलवर पेट्यांची नोंद करता यावी, कुठली पेटी कुठल्या गाडीत चढली ते कळावं, बिल निघावं, असं काहीतरी तिने तयार केलं. ते सगळं ज्या मशीनवर चालतं त्याला ती सर्व्हर म्हणते. दिसायला तो एक काळा खोका. माझ्या माजघरात कपाटाशेजारी पाटावर ठेवलेला असतो. पुढे हिरवा दिवा, आत पंखा. बाजूला बॅटरीचा दुसरा खोका, लाईट गेली तर थोडा वेळ चालावं म्हणून.

हे सगळं घ्यायला मी आमच्या बचत गटातून माझ्या नावावर कर्ज उचललं. गटातल्या बायका म्हणाल्या, "म्हशीला घेतात, शिलाई मशीनला घेतात. हे कसलं गो मशीन, याच्यातून काय निघतं?" मला सांगता आलं नाही. पण काम चालू झालं आणि त्यातूनच हप्ता यायला लागला. मुलगी पैसे द्यायची, मी विहारासमोरच्या ओट्यावर बैठक असायची तिथे भरायची.

तिचं लग्न झालं तरी मशीन माझ्याकडेच राहिलं, कारण सासरी लाईट सारखी जायची. ती संगमेश्वरला बसून इथल्या मशीनमध्ये काम करायची. हे कसं होतं ते तिने मला समजावून सांगितलं, पण मला एवढंच कळलं की मशीन चालू राहायला हवं आणि त्यावर धूळ बसू द्यायची नाही. तेवढं मी करत होते.

तिची गिऱ्हाइकं मोजकी. त्यातले सगळ्यात मोठे म्हणजे शेट, ज्यांच्या शेडवर मी हंगामात पेट्या भरते. शेट गेले असते तर बाकीचेही गेले असते. हे मला कुणी सांगायला नको होतं, शेडवर कोण कुणाचं बघून काय करतो ते मी रोज बघते.

त्या हंगामात मुलीला सातवा लागला होता. अंगावर सूज आली, ब्लडप्रेशर वाढलं आणि देवरुखच्या दवाखान्यात तिला दाखल केलं. डॉक्टरांनी सांगितलं, उठायचं नाही, डाव्या कुशीवर पडून राहायचं. विहीणबाई तिच्याजवळ होत्या. त्यांचं म्हणणं आधीपासून एकच, बाळ झाल्यावर हे मशीनचं लचांड बंद करायचं. मुलगी म्हणायची, आईच्या नावावरचं कर्ज फिटेपर्यंत तरी राहू दे. मी मधे बोलले नाही. पण कर्ज फिटल्यावरही तिचं काम तिच्याकडे राहावं असं मला मनातून फार वाटत होतं. मला चौथीनंतर घरी बसवलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. हिचं तसं व्हायला नको होतं.

एका संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि गडगडायला लागलं. आमच्याकडे गडगडलं की कुणी कुणाला सांगत नाही, घराघरांत हात आपोआप प्लगाकडे जातात. कातळावर वीज जवळ पडते. आदल्या वर्षी शेजारचा टीव्ही आणि फ्रिज एका कडाक्यात जळून गेले होते. मी आधी टीव्हीची वायर काढली, मग मिक्सरची. तेवढ्यात लाईट गेली आणि बॅटरीचा खोका कुईं कुईं ओरडायला लागला. मला वाटलं आता हा फुटतो. मी मशीनच्या आणि खोक्याच्या सगळ्या वायरी उपटल्या. आतला पंखा थांबला तेव्हा मला बरं वाटलं. वाचलं, असं वाटलं.

लाईट आल्यावर सगळं होतं तसं लावलं. हिरवा दिवा लागला. मी भात लावला, जेवले, झोपले.

सकाळी शेडवर गेले तर शेट मोबाईल हातात धरून फेऱ्या मारत होते. आम्ही बायका पेंढ्यावर बसून आंबा निवडत होतो.

"हे नुसतं फिरतंय," शेट म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "काय गो, तुझ्या लेकीचं मशीन मेलं काय?"

बायका हसल्या. एक म्हणाली, "डोहाळे लागले असतील त्यालाही."

मी हातातला आंबा ठेवला, शेडच्या मागे गेले आणि मुलीला फोन लावला.

"बाय, काल गडगडलं तेव्हा मी वायरी काढल्या."

"कुठल्या?"

"सगळ्या."

"बॅटरीच्या पण?"

"ती ओरडत होती गो."

ती हसायला लागली. "आई, ती ओरडते म्हणजे सांगते की मी आहे, तुम्ही घाबरू नका."

"मला काय माहीत तिची भाषा."

तिने मोबाईलवरून काहीतरी करून बघितलं. मी तिथेच फणसाच्या झाडाखाली उभी राहिले. थोड्या वेळाने तिचा फोन आला. आवाजात हसू नव्हतं. ती म्हणाली, मला इथून मशीनपर्यंत पोचताच येत नाही. नेटवर्कच उठलेलं नाही. कुणीतरी त्याच्या समोर बसायला हवं.

"कोण बसणार?"

"तू."

"मला इंग्रजी येतं काय?"

"अक्षरं येतात ना? पहिलीत माझ्याबरोबर तूच घोकायचीस."

ते खरं होतं. तिला शिकवता यावं म्हणून मी तिच्याबरोबर ती अक्षरं गिरवली होती. पेट्यांवरचे शिक्के मी त्यावरच ओळखते.

शेटना सांगायचं कसं हा माझ्यापुढे मोठाच प्रश्न. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, "घरी जाते. मशीन बघते."

"तू?" ते म्हणाले. रागावले नाहीत, पण माझ्याकडे बघत राहिले. "हे बघ, उद्या माझ्या गाड्या सुटायच्या आहेत. असलंच काम करणारा तो कोल्हापूरवाला रोज फोन करतो. महिन्याला भाडं घेतो, पण मशीन त्याचं नि कटकटही त्याची. लेकीकडे बघून मी थांबलोय. उद्या सकाळी हे चाललं नाही तर त्याला बोलावणार. मग मला बोल लावू नको."

घरी येऊन मी खाटेखालून जुना पडदा काढला. कॉम्प्युटरचा पडदा म्हणते, मॉनिटर. तो गोणपाटात गुंडाळलेला होता. कीबोर्ड कपाटावर होता. मुलगी फोनवरून सांगत गेली, कुठली वायर कुठे. चौकोनी तोंडाची इथे, चपट्या तोंडाची तिथे. पडदा लागला. काळाकुट्ट, त्यावर पांढरी अक्षरं. चित्र नाही, काही नाही.

पहिलं नाव लिहायचं होतं, ते जमलं. मग पासवर्ड. मी एक एक कळ शोधून दाबत होते, पण पडद्यावर काहीच उमटेना. मला वाटलं कीबोर्ड बिघडला. मी पुन्हा दाबलं, आणखी जोरात दाबलं. मशीनने नाही म्हटलं.

"दिसत नाही आई, पण जातं आत. कुणी मागून बघू नये म्हणून ते दाखवत नाही."

"मागे कोण आहे? मांजर."

तिसऱ्या खेपेला आत गेले. तेव्हा जे वाटलं ते लिहिता येत नाही. तिच्या घरात पहिल्यांदा पाय टाकला असं काहीसं.

मग तिने मला नीट समजावलं. म्हणाली, "समज, मशीनमध्ये एक माणूस आहे. तो बाजारातून सामान आणतो, कुठल्या डब्यात काय जातं ते लावतो, कशाबरोबर काय लागतं ते त्याला पाठ असतं. त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. काल तू वायर काढलीस तेव्हा तो नवीन सामान लावत होता. अर्धं डब्यात गेलं, अर्धं जमिनीवर राहिलं. आता तो अडून बसलाय. म्हणतो, आधी हे आवरा, तोवर दुसरं काही मागू नका."

"शहाणा दिसतो."

"शहाणाच आहे. आपल्याला त्याला एवढंच सांगायचंय की राहिलेलं पुरं कर."

तिने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि फोटो पाठवला. कुठे जागा सोडायची तिथे तिने खूण केली होती. आडव्या रेघा एकापुढे एक, मधे जागा नाही. मी लिहिलं. लिहून झाल्यावर तिला फोटो पाठवला, तिने बघितलं, एक अक्षर चुकलं होतं ते सांगितलं, मी ते बदललं आणि मग एंटर. प्रत्येक ओळीला आम्ही असंच करत होतो. भरलेली पेटी गाडीत चढवण्याआधी दुसऱ्या बाईने झाकण उघडून बघायचं, ही शेडवरची रीत आहे. तीच आम्ही लावली.

मशीनने उत्तर दिलं. मी फोटो पाठवला.

"कुलूप आहे," मुलगी म्हणाली. "कुणीतरी आधीच आत काम करतंय."

"कोण?"

"मशीनच. चालू झाल्यावर आपलं आपण परत प्रयत्न करत असेल. थांबूया."

"कुलूप मोडता येत नाही काय?"

"येतं. पण आत कोण आहे ते बघितल्याशिवाय मोडलं तर आणखी सांडून ठेवेल. थांब, आई."

इतक्यात तिच्या हातातून फोन विहीणबाईंनी घेतला. "विहीणबाई, पोरीला डॉक्टर कुशीवरून वळू देत नाहीत, आणि तुम्ही तिला कुलपं मोडायला सांगताय होय?"

"मी नाही, तीच मला सांगते," मी म्हटलं.

"आमच्याकडे टीव्ही अडला की आम्ही वरून थाप मारतो. मारून बघितलीत?"

मागून मुलगी ओरडली, "थाप नाही मारायची!"

आम्ही थांबलो. मी चहा केला आणि मशीनसमोर बसूनच प्यायले. पुन्हा तीच ओळ लिहिली. या वेळी कुलूप नव्हतं. पांढऱ्या ओळी खालून वर सरकायला लागल्या, एकामागून एक. मला एकही शब्द वाचता येत नव्हता, पण काम चाललेलं माणसाला ओळखू येतं. मला वाटलं, झालं.

ओळी थांबल्या. शेवटी एक प्रश्न होता. प्रश्नचिन्ह मला कळतं. पुढे चौकटीसारखं काहीतरी आणि एक चौकोन लुकलुकत होता, माझ्या उत्तराची वाट बघत.

मी फोटो पाठवला. उत्तर आलं नाही. फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. ऊन उतरायला लागलं तरी बंद.

माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. मशीनचं नाही, तिचं. मी उठून दारापर्यंत गेले. एसटीने देवरुखला पोचायला संध्याकाळ झाली असती. चपला पायात घातल्या होत्या. मग फोन वाजला. विहीणबाई.

"घाबरू नका," त्या आधी हेच म्हणाल्या. "प्रेशर वर गेलं म्हणून नर्सने फोन काढून घेतला. आता इंजेक्शन दिलंय, झोपली आहे. डॉक्टर म्हणाले बाळ ठीक आहे. तिला आतल्या वॉर्डात हलवलंय, तिथे रेंज पण नाही, मी बाहेर जिन्याच्या खिडकीत उभी आहे."

मी चपला काढल्या. म्हटलं, "तिला सांगा, मशीनची काळजी करू नको. ते आता एका जागी थांबलंय. मी त्याला हात लावत नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. तू उठशील तेव्हा सांग."

"आणि नाही जमलं तर?"

"जमेल."

मी असं कुणाला कधी बोलले नव्हते. विहीणबाई म्हणाल्या, "बरं. उठली की विचारते."

त्यानंतर थोड्याच वेळात शेटची गाडी दारात आली. बरोबर एक दुरुस्तीवाले होते, खांद्याला बॅग, माझ्याच वयाचे. भला माणूस होता, चपला बाहेर काढून आत आला. पडद्याकडे बघून म्हणाला, "मधेच लाईट गेली वाटतं अपडेटच्या. हे विचारतंय, एंटर दाबा, पुढे जाईल. नाहीतर मशीन दुकानात नेतो, सगळं पुसून नवीन घालून देतो."

सगळं पुसायचं म्हणजे काय ते मला माहीत होतं. मुलीकडे हिशेबाची दुसरी प्रत होती, पण आदल्या आठवड्यापर्यंतची. हंगामाचा सगळ्यात गर्दीचा आठवडा त्यानंतरचा.

"दाबा एंटर," शेट म्हणाले.

मी कीबोर्डपुढच्या स्टुलावर बसले. शेट उभे असताना मी कधी बसले नव्हते.

"उठ गो जरा, त्यांना बघू दे."

"नाही, शेट."

"नाही म्हणजे? तुला यातलं काय कळतं?"

"काही कळत नाही."

"मग?"

"म्हणूनच हात लावत नाही. मुलगी उठली की सांगेल. मशीन तिचं आहे. तुमची मुदत उद्या सकाळची आहे."

मी हे सगळं जमिनीकडे बघून बोलले. वर बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. दुरुस्तीवाले शेटना म्हणाले, "राहू द्या. ज्याचं मशीन त्याला विचारलेलं बरं. माझ्यावर नको यायला." जाताना त्यांनी मला त्यांचा नंबर दिला आणि म्हणाले, लागलं तर बोलवा. शेट गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "माझ्यासमोर बारा हंगाम तोंड उघडलं नाहीस, नि आज उघडलंस ते हे!"

मी स्टुलावरून उठले नाही. खरं सांगायचं तर भीती वाटत होती की उठले आणि मांजर कीबोर्डवर चढली तर काय.

दिवेलागणीच्या आधी फोन आला. विहीणबाईच. मुलगी जागी झाली होती. फोन तिच्याजवळ द्यायला नर्स तयार नव्हती, पण प्रश्नाचा फोटो मी विहीणबाईंच्या मोबाईलवरही पाठवला होता, तो त्यांनी तिला दाखवून आणला होता. त्या खिडकीत येऊन बोलत होत्या आणि पुन्हा आत जात होत्या.

"ती म्हणते, मशीन विचारतंय की तुमच्या घरातली जुनी मांडणी ठेवू की मी आणलेली नवीन लावू. जुनीच ठेवायची. त्याला एक अक्षर दाबायचं. इंग्रजी न, नळाचा. दोन उभ्या काठ्या, मधे तिरकी."

मी दाबलं. ओळी पुन्हा धावल्या. मग पुन्हा थांबल्या, आता तक्रार होती. विहीणबाई आत गेल्या, बाहेर आल्या. एक सामान फुटलेलं निघालं होतं, अर्धंच उतरलेलं. ते पुन्हा घालायला हवं होतं, आणि नेमकं ते नेटवर्कचंच. नेटवर्क नाही म्हणून बाहेरून आणता येत नाही, आणि ते आणल्याशिवाय नेटवर्क येत नाही.

"मग?" मी विचारलं.

विहीणबाई परत गेल्या. या वेळी जरा उशीर लागला. आल्या तेव्हा धाप लागली होती. "ती म्हणते, काल त्याने सगळं सामान आधी घरात आणून ठेवलं आणि मग लावायला घेतलं. म्हणजे नवं पाकीट तिथेच कोठारात पडलेलं असणार. बाहेर जायला नको. तिने कागदावर लिहून दिलंय, मी फोटो पाठवते."

फोटो आला. ओळ इतकी लांब होती की मला कपाळाला हात लावावासा वाटला. आकडे, ठिपके, रेघा. आणि शेवटी मुलीने लिहिलं होतं, एवढं लिहून झालं की डावीकडची टॅब नावाची कळ दाब, बाकीचं ते स्वतः लिहील.

मी अर्धी ओळ लिहिली आणि ती कळ दाबली. उरलेलं सगळं एका क्षणात समोर उमटलं, आकड्यांसकट.

"विहीणबाई, तिला विचारा, हे सकाळी का नाही सांगितलं?"

त्या हसत आत गेल्या आणि हसत बाहेर आल्या. "म्हणते, सकाळी सांगितलं असतं तर तू प्रत्येक ठिकाणी तेच दाबत बसली असतीस."

ते बरोबर होतं.

मी लिहिलेल्या ओळीचा फोटो पाठवला. विहीणबाई तो घेऊन आत गेल्या, बाहेर आल्या, म्हणाल्या, "दाबा." मी दाबलं. सामान बसलं. मग पहिल्यापासूनची ती ओळ पुन्हा एकदा, राहिलेलं पुरं कर म्हणून. या वेळी मशीन काही बोललं नाही. नुसतं खाली येऊन गप्प उभं राहिलं. मी घाबरले. पण मुलीचा निरोप आला की तक्रार नसली की ते काही बोलत नाही. शेवटी त्याला सांगून बंद करायचं आणि सांगून चालू करायचं होतं. ते केलं. मागच्या बाजूला वायर जिथे शिरते तिथे एक नारिंगी दिवा असतो, तो सकाळपासून लागला नव्हता. तो लुकलुकायला लागला.

मी शेटना फोन केला नाही. माझ्याकडून झाला नसता. थोड्या वेळाने त्यांचाच आला. "आलं गो," म्हणाले. "पेट्या दिसताहेत. कालच्याही आहेत." मग पुढे, "सकाळी लवकर ये, गाड्या भरायच्या आहेत." फोन ठेवला.

नंतर बऱ्याच दिवसांनी मुलगी मला म्हणाली की त्या प्रश्नाला दुरुस्तीवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे नुसतं एंटर दाबलं असतं तरी तेच झालं असतं. काही न सांगता एंटर दाबलं की ते जुनीच मांडणी ठेवतं. म्हणजे तो माणूस बरोबर होता आणि मी दिवेलागणीपर्यंत उगाचच स्टुलावर बसून राहिले. ती हसली. मला वाईट वाटलं नाही. माझं मशीन असतं तर मी दाबलं असतं. दुसऱ्याच्या घरात, विशेषतः लेकीच्या, न विचारता डबे लावत नाहीत.

गडगडलं की वायरी काढायच्या यावरून आमचं अजून जमलेलं नाही. ती म्हणते काढू नको. मी म्हणते काढणार. शेवटी तिने मला एक ओळ शिकवली आहे. ती लिहिली की मशीन हातातलं काम आटपून, आवरून झोपतं. पंखा थांबला की मी वायर काढते. आता मला ती ओळ बघून लिहावी लागत नाही.

नात झाली. वजनाने कमी होती, पण आता अंगाने भरली आहे. विहीणबाईंनी काम बंद करायचा विषय पुन्हा काढला नाही. उलट शेजारणींना सांगतात की एकदा आमच्या सुनेचं मशीन मी जिन्याच्या खिडकीतून दुरुस्त केलं. मी त्यांना तसं सांगू देते. थोडं त्यांनीही केलंच. मुलगी बाळाला मांडीवर घेऊन काम करते तेव्हा त्या स्वयंपाकघर बघतात, कुरकुरत का होईना.

शेट राहिले. पुढच्या हंगामात त्यांच्या ओळखीचे आणखी व्यापारी आले, त्यातला एक वेळणेश्वरकडचा. हप्ते मधे एकदाही थकले नाहीत. पावसात काम नसायचं तेव्हाही मुलगी थोडे बाजूला ठेवलेले पाठवायची, आणि कमी पडले तर मी शेडच्या मजुरीतले घालायची. ते तिला सांगितलं नव्हतं, पण तिच्या लक्षात आलंच. पुढच्या महिन्यात तेवढे जास्त आले.

शेवटचा हप्ता भरायला मी एकटी जाणार होते, पण मुलगी नातीला घेऊन आली. ओट्यावर बायका बसल्या होत्या. खजिनदार बाईंनी नोटा मोजल्या, शेजारणीकडे दिल्या, तिनेही मोजल्या. तशी गटाची रीत आहे. "फिटलं गो तुझं," त्या म्हणाल्या. "व्याजासकट. काही राहिलं नाही."

एक म्हणाली, "मग आता सांग तरी, काय निघतं त्या मशीनमधून?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मुलगी बोलणार होती, मी तिच्या हाताला हात लावला आणि म्हटलं, "हे पैसे त्यातूनच निघाले."

खजिनदार बाईंनी नोटा पिशवीत घातल्या आणि पुढच्या बाईचं नाव पुकारलं.